अवघडाचा आडोसा

स्वानेतीत सकाळ आधी मनोऱ्यांवर उतरते. दरीत नदी अजून धुक्याखाली घोंघावत असते, गवताच्या गंजी दवानं जडावलेल्या असतात, गोठ्यांची दारं उघडलेली नसतात, आणि मेस्तिया गावातल्या घराघरांना लगटून उभे असलेले ते चौकोनी दगडी मनोरे माथ्याकडून उजळू लागतात. करडे, मग तांबूस, मग सोनेरी होत जातात, आणि उजेड एकेक दगड उतरत खालच्या पाटीच्या छपरांकडे यायला निघतो. घरं मात्र अंधारातच.

जॉर्जियाच्या वायव्येला, कॉकेशसच्या ऐन कुशीत हा मुलूख आहे. इथे येणारे बहुतेक जण अवघडाच्या ओढीनं येतात. कुणाला उश्बाची दोन सुळकेदार शिखरं बोलावतात, कुणाला हिवाळ्यातला बर्फ. मला चालायचं होतं. मेस्तियाहून झाबेशी, अदिशी, इप्रारी अशी गावं मागे टाकत उश्गुलीला पोचणारी साधारण ५५-६० किलोमीटरची वाट आहे. सप्टेंबरात ती वाळत्या गवतानं घमघमते. उतारावर माणसं लांब दांड्याच्या विळ्यांनी गवत कापत असतात, पात्याचा सपकारा आधी ऐकू येतो आणि माणूस मागून दिसतो. कापलेल्या कुरणातून एकही पान नसलेली जांभळट फुलं थेट मातीतून वर आलेली असतात. पाऊल टाकताना त्यांना चुकवावं लागतं, आणि त्या चुकवण्यातच चाल मंदावते, श्वास जागेवर येतो.

मनोऱ्याच्या आत शिरले तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो धुराचा वास. कुणास ठाऊक किती पिढ्यांच्या चुलींचा. खालच्या घराची खोली एकच, मध्ये चूल, आणि भिंतीलगत कोरीव लाकडी कमानी. त्या कमानींमागे गुरं बांधत आणि त्यांच्या वरच्या फळ्यांवर माणसं निजत, म्हणजे सहा-सात महिन्यांच्या बर्फात गुरांची ऊब माणसांना मिळे. मनोऱ्यात एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला नुसती शिडी आणि छतात माणूस जेमतेम मावेल एवढं भोक. वर गेलं की शिडी ओढून घ्यायची. दगडाला हात लावला, तो आतून थंड आणि गुळगुळीत लागला. इथून चढणाऱ्यांचे खांदे त्याच जागी घासले असणार. माथ्यावरच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती.

यांतले बहुतेक मनोरे नवव्या ते बाराव्या शतकांतले. शत्रूच्या भयानं उभे राहिलेले, आणि शेजाऱ्याच्याही. कारण खुनाचा बदला खुनानं घेणारी वैरं इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत. इतक्या भयातून इतकं देखणं काही घडावं, याचं मला अजून नवल वाटतं.

सपाटीवर मंगोल आले, तैमूर पुन्हापुन्हा आला, इराणी फौजा आल्या. तेव्हा खालच्या मठांतल्या मूर्तिचित्रांना, सोन्याचांदीच्या क्रूसांना लपवायला हेच खोरं होतं. फौजांना न पेलणारी चढण पाठीवर ओझं घेतलेल्या भाविकांनी चढली. मेस्तियाच्या संग्रहालयात त्या ठेव्यातलं काही काचेमागे आहे. ठोकलेल्या चांदीतल्या संतांचे डोळे मोठे आणि थकलेले. त्यांच्यासमोर उभी होते तेव्हा पोटऱ्या ठणकत होत्या, आणि त्या ठणक्यातूनच मला कळलं की हे सगळं उरलं ते वाट अवघड होती म्हणून. सह्याद्रीत राजगडाची चढण छातीवर घेतलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अदिशीच्या पुढे हिमनदीतून सुटलेला प्रवाह आडवा येतो. पूल नाही. काठावर गावातली मुलं घोडे घेऊन थांबलेली असतात. घोड्यावर बसल्यावर पाणी खाली जात्यासारखं घरघरत होतं, तळाचे दगडही ते पुढे ढकलत होतं. मधोमध घोडा थबकला, त्यानं खुरानं एक दगड चाचपला, सोडला, दुसरा चाचपला. त्याच्या पाठीचा प्रत्येक स्नायू माझ्या मांड्यांना कळत होता. वर हिमनदीचा निळसर कडा कोसळायच्या बेतात थांबलेला, आणि माझं सगळं आयुष्य त्या चाचपणाऱ्या खुरावर. मग त्याला दगड सापडला.

रात्री मुक्कामाच्या घरी आजींनी बटाट्यात चीज घोटलं आणि वर त्यांच्याकडचं मीठ भुरभुरलं. लसूण, धणे, निळ्या फुलांची इथली मेथी आणि वाळवलेला झेंडू कुटून केलेलं मीठ. झेंडू! मी चिमूट हुंगली आणि दसऱ्याचं दार डोळ्यांपुढे आलं. जेवणानंतर घरातल्या पुरुषांनी गाणं म्हटलं. आपल्या कानाला एका स्वरामागून दुसरा स्वर येण्याची सवय; इथे तीन स्वर एकाच वेळी, एकमेकांना खेटून, जवळजवळ भांडत उभे राहतात, आणि अचानक एका स्वरात मिटतात. त्या क्षणी अंगावर काटा येतो.

डोंगरांच्या त्या आडोशात बसून मला जॉर्जियाचीच केतेवान राणी आठवली. काखेती हे तिचं राज्य पूर्वेकडच्या सखल द्राक्षभूमीतलं. तिला असा आडोसा लाभला नाही. धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये इराणमधल्या शिराझला तिथल्या शाह अब्बासच्या हुकमानं तिला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग समुद्रापार आणला, तो थेट गोव्याला. जुन्या गोव्याच्या टेकडीवर सेंट ऑगस्टिनचा जांभ्या दगडाचा भग्न मनोरा आजही उभा आहे. त्या चर्चची कमान १८४२ मध्ये ढासळली आणि राणी ढिगाऱ्याखाली गेली. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाताचं हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला, आणि २०२१ मध्ये भारतानं त्या अस्थींतला अंश जॉर्जियाला दिला. त्या मनोऱ्यापाशी मी पूर्वी कितीदा गेले असेन, पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवर बसले असेन! खाली कुणाची लेक निजली आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

उश्गुलीला पोचल्यावर समोर फक्त श्खारा असते, ५,००० मीटरहून उंच, अख्खं आभाळ अडवून. पण त्या पांढऱ्या भिंतीकडे बघताना नुसता आनंद होत नाही. १९८७च्या हिवाळ्यात याच डोंगरांवरून हिमलोट सुटले, माणसं गेली, आणि हजारो स्वान कुटुंबं दूर सपाटीवर वसायला निघून गेली. ज्या अवघडानं चांदीचे संत राखले, त्यानंच लेकरं नेली. म्हणून गाडीरस्ता थेट इथवर आला याबद्दल हळहळणाऱ्यांशी माझं जमत नाही. जानेवारीत आजींना दवाखान्यात न्यायचं तर तो रस्ताच लागतो. आणि चालणारे मुक्कामाला येऊ लागले म्हणून मधल्या गावांत चुली पुन्हा पेटल्या आहेत, शहरात गेलेले नातू उन्हाळ्यात घोडे घेऊन नदीकाठी थांबतात.

तेव्हा जाणार असाल तर गाडीनं उश्गुलीला जाऊन, फोटो काढून त्याच दिवशी परतू नका. अदिशीत राहा. तिथल्या घरी जेवा, मीठ मागून घ्या. आणि नदी सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.