पावसाची फाईल : उघडा, वाचा, बंद करा

परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. पण तो पाऊस आपल्याच रानात पडला का? आमच्या सेलूकडं दुधनेच्या अलीकडं धो-धो अन् पलीकडं फुफाटा, असं कितीदा होतंय. अंदाज चुकला की दुबार पेरणी, बी-खत दोन्ही गेलं.

म्हणून बांधावर पर्जन्यमापक लावलाय. रोज सकाळी साडेआठला मोजायचं. वहीला वाळवी लागते, म्हणून आकडे मोबाईलमधल्या साध्या टेक्स्ट फाईलीत ठेवतो. एका ओळीत तारीख, स्वल्पविराम अन् मिलिमीटर. बेरीज पायथॉन करतो. पुतणीनं शिकवलं. दहावी शिकलेल्याला जमतंय, म्हणून लिहितो.

तलाठ्याचं दप्तर जसं काढायचं, बघायचं अन् जागेवर ठेवायचं, तसंच हे. 'ओपन'ला फाईलचं नाव सांगायचं अन् काम सांगायचं. 'आर' म्हणजे नुसतं वाचायला. 'ए' म्हणजे शेवटी नवी ओळ जोडायला. 'डब्ल्यू'पासून जपा! त्यानं फाईल उघडली की आतलं जुनं सगळं त्याच क्षणी पुसलं जातं. पावसाच्या नोंदीला कायम 'ए'च. मराठी अक्षरं असतील तर एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगावं, नाहीतर कधी कधी अक्षरांचा चिवडा होतो.

'रीड' सगळी फाईल एकदम वाचतं. पुन्हा 'रीड' म्हणलं तर रिकामं येतं. घाबरू नका, फाईल कोरी झाली नाही. तिफण तासाच्या टोकाला गेलेली असते, 'सीक' शून्य देऊन परत सुरवातीला आणायची. मी तर एक-एक ओळच वाचतो. स्वल्पविरामावर 'स्प्लिट' करायचं अन् मिलिमीटरला 'फ्लोट' लावायचं. फाईलीतून येतं ते अक्षर, आकडा नव्हं. 'फ्लोट' न लावता बेरीज केली तर पायथॉन अडून बसतो.

आता 'क्लोज'. आपण लिहिलेलं लगेच फाईलीत पडतंच असं नाही, थोडा वेळ मेमरीत थांबतं. बंद केलं की पक्कं उतरतं. मधेच मोबाईल बंद पडला तर आजचा पाऊस गेला! सोपा उपाय म्हणजे 'विथ' लावून उघडणे. त्याच्या आतलं काम संपलं, की मधे चूक झाली तरी, फाईल आपोआप बंद होते.

१ जूनपासूनची बेरीज ७५ च्या आत असली तर मी तिफण हलवत नाही. बेरीज भरली तरी हातभर उकरून ओल बघतोच. हाताचं काम पायथॉन करत नाही. पण शेजारी पेरतोय म्हणून आपणही पेरायची घाई, ती मात्र या फाईलीनं थांबवली.

तुमच्या रानात कोण मोजतं पाऊस? कळवा.