ग्वाल्हेरच्या वाटेवर अडलेली काच

आग्र्याहून ग्वाल्हेरास जाताना चंबळ ओलांडली, तोच आमच्या गाडीच्या डाव्या पुढील दाराची काच खाली उतरली ती उतरलीच. शेजारी दम्याने गांजलेल्या आमच्या वृद्ध आत्याबाई. जूनची लू आणि धूळ थेट त्यांच्या तोंडावर! ओला पंचा खिडकीस बांधून आम्ही कसेबसे लष्करात पोहोचलो. शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले हे शहर. कारागीरही मराठी बोलणारा भेटला.

आम्ही मनाशी नव्या यंत्राचा खर्च मांडीत होतो. त्याने मात्र प्रथम फ्यूज पाहिला, शाबूत. दारावरील बटण दाबले, मग चालकाकडील; दोन्हींनी काच हलेना, म्हणजे दोष बटणाचा नसावा. दारास कान लावला. आत मोटार गुरगुरती, तर काच ओढणारी दोरी तुटली म्हणता आले असते. पण सारे निःशब्द. मग बटण दाबून ठेवून त्याने दार हळूहळू उघडझाप केले, आणि मध्येच काच थरथरली! बिजागरीजवळच्या रबरी नळीत, रोजच्या उघडझापीने एक तार आतल्या आत तुटली होती. डाख दिला, वेष्टण चढविले. काच वर गेली. आत्याबाईंनी दीर्घ श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी १८७४ साली बांधलेला जयविलास राजवाडा पाहिला. तेथील भोजनाच्या मेजावर चांदीची छोटी आगगाडी आहे. पाहुण्याने तीतील सुरई उचलली की ती थांबत असे. हे ऐकताच आत्याबाई म्हणाल्या, “हिचीही तार तुटत होती की काय?”