आतून चढवलेला रंग

शाळेच्या स्मरणिकेत शिक्षकाने लेख लिहायचा म्हटले की निकालांचा चढता आलेख, वसतिगृहाची वाटचाल आणि संस्थेचे ऋण हे विषय ओघाने येतात. ते माझ्या सहकाऱ्यांनी समर्थपणे हाताळले आहेत. मला आपल्या शाळेतील एका लहानशा उद्योगाविषयी लिहायचे आहे. गेली तीन वर्षे रविवारी दुपारी चित्रकलेच्या खोलीत दहा-बारा मुले रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॉडी रंगवीत बसतात. मी इतिहासाचा शिक्षक. वसतिगृहाच्या रविवारच्या पाळीमुळे या वर्गाची देखरेख माझ्याकडे आली. परंतु या वर्गाने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला, तो माझ्या विषयाच्या गाभ्यातला होता.

या गाड्या पाठवल्या आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने. तो पुण्याला वाहन-उद्योगात नोकरी करतो. चार गाड्या आणि त्यांवर बसवायच्या वीसेक कोऱ्या, पारदर्शक बॉडी त्याने खोक्यात भरून पाठवल्या. बिनतारी लहरींनी वस्तू चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या टाकीत अशी होडी चालवून दाखवली, तेव्हा लोकांना ती जादू वाटली होती. आपल्या मुलांना जादू वाटली नाही. अमरावती-अकोला रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांतली ही मुले. २०२२ च्या जून महिन्यात याच महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग झाले आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांत गेली, हे ती अभिमानाने सांगतात. रस्ता आणि वाहन हे त्यांचे रोजचे जग आहे. त्यांचे कुतूहल होते ते कोऱ्या बॉडीचे. आपण हिला कोणता रंग द्यायचा?

ही बॉडी पॉलिकार्बोनेट नावाच्या पातळ, लवचीक प्लास्टिकची असते. तिचे वैशिष्ट्य असे की ती बाहेरून रंगवीत नाहीत, आतून रंगवतात. गाडी धडकते, उलटते, सिमेंटवर घासत जाते. बाहेरचा रंग दोन दिवसांत खरवडून निघेल. आतून दिलेल्या रंगाला ते प्लास्टिकच ढालीसारखे राखते. काचेवर मागच्या बाजूने चित्रे काढण्याची कला अठराव्या शतकात चीनच्या व्यापाराबरोबर पश्चिम भारतात आली. त्याच जातीचे हे काम आहे. आधी बॉडी साबणाच्या पाण्याने धुवायची, कारण साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. खिडक्यांच्या जागा चिकटपट्टीने झाकायच्या. साधा ऑइलपेंट येथे चालत नाही. पहिल्याच धडकेत त्याचे पापुद्रे निघतात. या प्लास्टिकबरोबर वाकणारा वेगळा रंग मिळतो, तोच वापरावा लागतो.

सर्वांत कठीण असतो तो क्रम. भिंत रंगवताना आपण आधी जमीन रंगवतो, मग नक्षी काढतो आणि अक्षरे शेवटी लिहितो. येथे सारे उलट. बारीक रेघा आणि अक्षरे आधी, तीही आरशातल्यासारखी उलटी. जमिनीचा रंग सर्वांत शेवटी. शिवाय गडद रंग आधी आणि फिके नंतर, नाहीतर फिक्या रंगामागून गडद डोकावतो. आठवीतल्या एका मुलाने पंचशील ध्वज काढायला घेतला. १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकलेल्या या ध्वजात निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी असे पाच उभे पट्टे आणि त्या पाचही रंगांचा मिळून सहावा पट्टा असतो. त्याने आतून सरळ क्रमाने पट्टे ओढले. बाहेरून पाहतो तो ध्वज उलटा! दुसऱ्या वेळी त्याने आधी कागदावर आराखडा काढला, तो उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला आणि मग रंगाला हात घातला. बॉनेटवर धम्मचक्र काढणाऱ्या मुलीने चोवीस आऱ्यांसाठी ३६० अंशांचे प्रत्येकी १५ अंश असे भाग पाडले, तेव्हा तिला कोनमापकाचा खरा उपयोग कळला.

मुलांमध्ये एकदा मोठा वाद झाला. एकाला गाडीवर बाबासाहेबांचे चित्र काढायचे होते. दुसरा म्हणाला, गाडी उलटते, मातीत जाते. तेथे ते चित्र बरे दिसेल का? मग चक्र तरी का चालते, असे तिसऱ्याने विचारले. मी मध्ये पडलो नाही. दोन रविवार चर्चा चालली. शेवटी मुलांनीच ठरवले की चेहरा काढायचा नाही. चक्र फिरण्यासाठीच असते, म्हणून ते चालेल. आणि निळा रंग सर्वांचा. १९४२ साली नागपुरात स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता, हे सांगण्यापुरतेच मी तोंड उघडले. कोणी लालपरी रंगवली, कोणी मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे गाडीच्या बॉडीवर उतरवली.

याच सुमारास एक पालक मला भेटायला आले. दर्यापूरकडचे गृहस्थ. उमेदीची वीस वर्षे त्यांनी ठेकेदाराच्या हाताखाली पुताईचे आणि रंगाचे काम केले होते. मुलगा रविवारी रंगकाम करतो हे कळल्यावर ते कामाचा दिवस बुडवून आले होते. आवाज न चढवता ते म्हणाले, “आमच्या हातातला ब्रश सुटावा म्हणून पोराले तुमच्या शायेत टाकलं जी. अन् तुमी त्याच्या हातात पुन्हा ब्रशच देऊन राह्यले.” ज्या घरांच्या भिंती त्यांनी रंगवल्या, त्यांतल्या काही घरांत त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतून मिळाले होते. तेही त्यांनी सांगितले आणि ते गप्प झाले.

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याला आपल्या चळवळीचा आधार होता. वंशपरंपरागत कामातून आपली माणसे सुटावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीत माणसाच्या आवडीला वा कुवतीला स्थान नाही. तेव्हा हातातले जुने अवजार खाली ठेवणे हे आपल्याकडे मुक्तीचे पाऊल ठरले आहे. मग शाळेने ते पुन्हा मुलाच्या हाती का द्यावे?

मी त्या गृहस्थांना अजिंठ्याविषयी सांगितले. सोळाव्या क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात दान दिले. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपल्या शेजारच्या वाशीमचा. वराहदेवाचे नाव तेथील शिलालेखात आजही वाचता येते. गेरू, पिवळी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून आणलेला निळा दगड यांच्यापासून ज्यांनी रंग सिद्ध केले आणि दिव्याच्या उजेडात बुद्धाचे जीवन भिंतींवर उभे केले, त्या हातांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. ब्रशमध्ये हीनपणा कधीच नव्हता. काम कोणी करायचे हे जन्मावरून ठरले, कामातील ज्ञानाला ज्ञान म्हटले गेले नाही, आणि करणाऱ्याचे नाव पुसले गेले. तुमच्या मुलाने हे काम स्वतः निवडले आहे, तो त्यामागचे शास्त्र शिकतो आहे, आणि उद्या त्याला ते सोडून दुसरे काही करायचे असेल तर त्याला कोणी अडवणार नाही, एवढे मी त्यांना सांगितले. शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात, हेही सांगितले. ते ऐकून घेऊन निघून गेले. त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्यांच्या मुलाच्या गाडीचा रंग ओघळत होता. सुट्टीवरून तो परत आला तो एक सूत्र घेऊनच: पहिला हात अगदी पातळ, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा, घाईने जाड हात मारला की ओघळ येतोच. हे कोणी सांगितले, असे विचारले तर म्हणाला, बाबांनी. घरी त्याने त्यांना विचारले होते आणि त्यांनी अंगणात जुन्या डब्यावर त्याला करून दाखवले होते. पुढच्या बॉडीवर त्याने पहिल्या दिवशीच, इतर काहीही काढण्याआधी, दाराच्या खालच्या कडेला उलट्या अक्षरांत दोन नावे लिहिली. एक त्याचे, दुसरे वडिलांचे. या कामात नाव आधीच लिहावे लागते. जमिनीचा रंग चढल्यावर ते लिहायला जागा उरत नाही.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती गाडी मैदानावर धावली. ते गृहस्थ आले होते. बाहेरचे संरक्षक आवरण सोलून काढल्यावर चकाकणारी ती निळी बॉडी त्यांनी हातात घेतली, अंगठ्याने कडेची अक्षरे चाचपली. अक्षरे आत होती, बोटाला लागली नाहीत. मग त्यांनी मला विचारले, “गणितात किती पडले जी याले?” बासष्ट, मी सांगितले. “कमीच हायेत,” ते म्हणाले. मलाही तसेच वाटते, आणि या वर्षी त्याची गणिताची शिकवणी मी रोज सायंकाळी पाहतो.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज आयटीआयमध्ये, गॅरेजमध्ये, कारखान्यांत, चित्रकलेच्या वर्गांत काम करतात. काही अभियंते आहेत. त्यांनी वर्षातून एखादा रविवार या खोलीत घालवावा, अशी माझी विनंती आहे. पालकांनाही निमंत्रण आहे. ज्यांनी गवंडीकाम, सुतारकाम, रंगकाम केले आहे, त्यांनी संकोच न करता यावे आणि मुलांना शिकवावे. कोऱ्या बॉडी सात उरल्या आहेत, मुले त्याहून अधिक आहेत. रंग अमरावतीला सहज मिळत नाही, पुण्याहून मागवावा लागतो. त्यासाठी कोणी हातभार लावला तर शाळा आभारी राहील.

जय भीम.