कान्यकुब्जींचा वाळा

वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे आमच्या घरीं माठांत वाळ्याची जुडी पडते. ही रीत आमच्या आजीच्या वेळेपासूनची. त्या पाण्यास जो मंद, ओल्या मातीसारखा आणि किंचित् हिरवट वास येतो, तोच आमच्या मतें उन्हाळ्याचा खरा वास होय. परंतु हा वास पाण्यास आला तर सात्त्विक आणि पुरुषाच्या अंगास आला तर चैनीचा, असा एक विलक्षण भेद आम्ही जन्मभर मानीत आलों होतों. लग्नमुंजींत अत्तरदाणी पुढें आली कीं नांवापुरता हात पुढें करावा आणि ती शेजाऱ्याकडे सारावी, हा आमचा शिरस्ता. तो भेद कसा मोडला आणि मोडतांना आमच्या पदरांत काय टाकून गेला, तें येथें सांगावयाचें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत काशीयात्रेहून परततांना आम्ही कानपुरास पुतण्याच्या बिऱ्हाडीं चार दिवस राहिलों. चिरंजीव सकाळीं कामावर निघतांना एका चपट्या बाटलींतून अंगावर कांहीं फवारीत. पहिल्याच दिवशीं आम्हीं विचारलें, "अरे, हा तर आपला वाळा!" तो हंसून म्हणाला, "नाहीं काका, हें फ्रेंच आहे. याला व्हेटिव्हर म्हणतात." आम्हांस मौज वाटली. हा शब्द मूळचा तामिळ 'वेट्टिवेर' असून त्यांतील 'वेर' म्हणजे मूळ अथवा मुळी. आज हैती, जावा आणि रियुनियन या बेटांतून वाळ्याचें तेल युरोपांत जातें आणि तेथील पुरुष उन्हाळ्यांत तें मोठ्या आवडीनें लावतात. आमच्या माठांतील जुडी समुद्रापार जाऊन परकीय वेषानें घरीं आली होती! आमचें हें व्याख्यान ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, कनौज येथून जेमतेम ऐंशी किलोमीटर आहे. रविवारीं चला, तुम्हांला मूळच दाखवतों."

संस्कृत शिकलेल्या मनुष्यास कनौज हें नुसतें गांव नव्हे. रामायणांतील कुशनाभ राजाच्या शंभर कन्या वायूच्या कोपानें कुबड्या झाल्या, म्हणून हें कान्यकुब्ज. येथें इसवी सन 606 ते 647 पर्यंत राज्य करणाऱ्या हर्षाचें सिंहासन होतें. बाणभट्टानें त्याचें चरित्र लिहिलें आणि ह्युएनत्संगानें त्याची धर्मसभा पाहिली. पुढें प्रतिहारांच्या काळीं येथेंच राजशेखर कवि राजगुरु म्हणून राहिला. तो आपल्या अकालजलद नामक पूर्वजास 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणवितो, हें वाचून आमच्या वर्गांतील मुलांच्या माना ताठ होत. आज त्या वैभवाचें प्रत्यक्ष दर्शन फारसें घडत नाहीं. अरुंद गल्ल्या, विटांच्या जुन्या भिंती, पिठाच्या गिरण्या आणि धुरळा. परंतु एका वळणावर वाऱ्याची झुळूक आली आणि आम्ही थबकलों. राज्यें गेलीं, राजे गेले. पण या गांवचा वास मात्र गेलेला नाहीं. येथील अत्तरास भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळालेला असून, 1991 पासून गंधद्रव्यांच्या अभ्यासाचें एक सरकारी केंद्रही येथें आहे.

पुतण्याच्या ओळखीनें एका कारखान्यांत प्रवेश मिळाला. कारखाना म्हणजे एक मोठा पडवीवजा मांडव. मातीच्या भट्ट्यांवर तांब्याचे प्रचंड हंडे ओळीनें मांडलेले. त्यांस 'देग' म्हणतात. देगेंत पाणी आणि फुलें अथवा मुळ्या घालून वर झांकण बसवावयाचें आणि सांधा माती व कापूस यांनीं लिंपावयाचा. झांकणांतून सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी निघते, ती 'चोंगा'. तिचें दुसरें टोंक खालीं पाण्याच्या हौदांत बुडवून ठेवलेल्या, लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यांत जातें, तो 'भपका'. देगेंतील वाफ चोंग्यांतून भपक्यांत येऊन थंड होते. भपक्यांत पूर्वींपासून चंदनतेल ठेवण्याची रीत आहे. तें येणारा गंध आपल्यांत धरून ठेवतें. पाणी खालीं बसतें, तें काढून पुनः देगेंत ओततात. येथें उष्णतामापक यंत्र नाहीं. विस्तव किती ठेवावा, भपका केव्हां बदलावा, हें कारागीर भांड्यास हात लावून आणि आंतील आवाज ऐकून ठरवितो.

वाळ्याच्या मुळ्या पिंवळसर, तपकिरी, म्हाताऱ्या माणसाच्या जटेसारख्या गुंतलेल्या. त्या तोडून, भिजवून मग देगेंत भरतात. गुलाब लवकर आपला गंध सोडतो. वाळा मात्र हट्टी. त्याखालीं पुष्कळ अधिक वेळ जाळ ठेवावा लागतो. चंदनाचा आधार न घेतां नुसत्या मुळ्यांचें जें तेल काढतात, त्यास 'रूह-खस' म्हणजे वाळ्याचा आत्मा असें म्हणतात. त्या तेलाचा हिरवा रंग पाहून आम्हांस वाटलें, हा गवताचा रंग. दुकानदार म्हणाले, "नाहीं पंडितजी, हा तांब्याचा." तांब्याच्या भांड्यांतून उतरल्यामुळें तेलास ती हिरवी झांक येते. बाजारांत जीं भडक हिरवीं खसचीं सरबतें दिसतात, त्यांचा रंग बहुधा बाटलींतला असतो, मुळींतला नव्हे.

तीच गोष्ट अत्तराची. चंदनतेल फार महाग झाल्यामुळें आतां कित्येक ठिकाणीं त्याच्या जागीं वास नसलेलें खनिज तेल घालतात. खरें कसें ओळखावें, असें विचारतां दुकानदारांनीं आमच्या मनगटाच्या मागल्या बाजूस एक थेंब लावला आणि म्हणाले, "आतां दोन तास याच्याविषयीं बोलूं नका." पहिल्या क्षणीं तो वास उग्र, जवळजवळ चिखलासारखा वाटला. जेवून उठलों तेव्हां त्यांतून पहिल्या पावसानंतरच्या शेताचा गारवा येऊं लागला होता, आणि रात्रीं निजतांनाही तो तेथेंच होता. वाळ्याच्या तेलांतील द्रव्यें जड असतात व सावकाश उडतात. म्हणूनच तें उन्हांत टिकतें. हिना, शमामा, ऊद हीं उष्ण अत्तरें थंडीचीं. वाळा, केवडा, मोगरा हीं उन्हाळ्याचीं, असा येथें जुना नेम आहे.

हा नेम आपल्या पूर्वजांसही परिचित होता. अमरसिंहानें गवतास 'वीरण' आणि त्याच्या मुळीस 'उशीर' म्हटलें आहे. ज्वरांत द्यावयाच्या षडंगोदकांत उशीर आहे. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकारंभीं प्रियंवदा जो लेप घेऊन जाते, तो ऊन बाधलेल्या शकुंतलेसाठीं उशीराचाच. बृहत्संहितेंत वराहमिहिर सोळा गंधद्रव्यें देतो, त्यांत उशीर आहे; सोळांतून चार निवडण्याचे 1820 प्रकार होतात, हा त्याचा हिशेब आम्ही मुलांकडून फळ्यावर करवून घेत असूं. असें असतां, जें द्रव्य आम्हीं तीस वर्षें शिकविलें, तें पुरुषानें अंगास लावूं नये हें आम्हांस कोणीं सांगितलें होतें?

हा प्रश्न मनांत घोळत असतांना आमचें लक्ष भट्टीपाशीं बसलेल्या कारागिराकडे गेलें. पन्नाशीचा मनुष्य, घामानें निथळत होता, आणि त्याच्या खांद्यावरील गमछ्यास वाळ्याचा दाट वास येत होता. आम्हीं सहज विचारलें, "तुम्ही स्वतः कोणतें अत्तर लावतां?" तो हंसला. म्हणाला, "लावूं कशाला? आज देगेंत काय चढवलें होतें, तें घरीं पोरें वासावरूनच ओळखतात. अत्तर लावणारे दुसरे, वास येणारे आम्ही." त्या रूहेचा एक तोळा घ्यावयाचा तर त्याची कित्येक दिवसांची मजुरी गेली असती.

तें वाक्य ऐकलें आणि आम्हांस एक मुलगा आठवला. सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. चैत्रांतील दुपार, दहावीचा जादा तास. वर्गांत वाळ्याच्या अत्तराचा वास दरवळला. मागल्या बांकावरील एका गरीब घरच्या मुलाच्या सदऱ्यास तो येत होता. ब्रह्मचाऱ्यानें गंधमाल्य वर्ज्य करावें, हें मनूचें शासन आम्हीं त्यास सर्वांदेखत ऐकविलें आणि वर्गाबाहेर उभें केलें. तो एक शब्द बोलला नाहीं. चार दिवस आलाच नाहीं. आला तेव्हां सदरा धुवून धुवून विटलेला होता. पुढें शाळेच्या कारकुनाकडून कळलें कीं तो पहाटे एका अत्तरवाल्याच्या दुकानीं बाटल्या धुण्याभरण्याचें काम करून शाळेची फी भरीत असे. आमची चूक तेव्हांच कळली होती. परंतु मास्तरानें विद्यार्थ्यापाशीं चूक कबूल करावी, इतका मोठेपणा आमच्या अंगीं नव्हता. ज्यास आम्हीं चैनीचा वास म्हटलें, तो कष्टाचा वास होता.

आम्हीं रूहेची एक लहान कुपी विकत घेतली. आतां उन्हाळ्यांत स्नान झाल्यावर कापसाचा इवलासा फाया कानांत ठेवतों. ज्यांस हौस असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं एक थेंब पुष्कळ होतो, पांढऱ्या धोतरास तो लावूं नये, कारण हिरवा डाग पडतो; आणि प्रथम जो उग्रपणा वाटतो त्यावरून मत बनवूं नये.

गेल्या महिन्यांत आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. आम्ही तो फाया कानांत ठेवूनच गेलों. त्याच्या वर्गांतील तिघेचौघे भेटले, पायां पडले. तो आला नव्हता, आणि त्याचा पत्ता कोणास ठाऊक नव्हता. एकानें मात्र जवळ येऊन विचारलें, "सर, आपण आणि अत्तर?" त्यास आम्हीं ती सारी हकीकत सांगितली. सर्वांदेखत केलेली चूक एकट्यापाशीं सांगून फिटत नाहीं, म्हणून येथें लिहिली. दुसऱ्याच्या अंगचा वास नाकास आला असतां तो कोठून येतो हें आधीं विचारावें, मग काय बोलावयाचें तें बोलावें.