फ्रीमनची बदली

कोलकाता, शिलाँग आणि आता विशाखापट्टणम अशी तीन बिऱ्हाडे आजवर मी थाटली. या फेऱ्यांत आईने दिलेला तांब्या हरवला, पुस्तकांची एक पेटी भिजली आणि एका खुर्चीचा पाय कोणत्या राज्यात राहिला ते अद्याप उलगडलेले नाही. परंतु एक तबकडी मात्र न चुकता माझ्याबरोबर हिंडत राहिली आहे. तिच्यावर निळ्या शाईने 'हाफ-लाइफ' एवढीच अक्षरे आहेत. साताऱ्याच्या एस. टी. स्थानकाजवळील एका सायबर कॅफेच्या मालकाने ती २००३ साली मला नक्कल करून दिली. व्यवहार अर्थातच कायद्याला धरून नव्हता, आणि आज सरकारी नोकर या नात्याने ते कबूल करताना लेखणी किंचित अडखळते. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये, खेळाला पंचवीस वर्षे झाल्यानिमित्त, कंपनीनेच तो काही दिवस फुकट वाटला, तेव्हा मी रीतसर प्रत घेऊन ते पाप धुऊन टाकले. तबकडी तरीही ठेवली आहे.

वाचकांपैकी पुष्कळांना संगणकावरील खेळ म्हणजे मुलांच्या अभ्यासावरील संकट एवढेच ठाऊक असेल, म्हणून दोन शब्द सांगतो. 'व्हॉल्व्ह' या अमेरिकन कंपनीने हा खेळ १९९८ च्या नोव्हेंबरात काढला. त्याचा नायक गॉर्डन फ्रीमन हा सत्तावीस वर्षांचा पदार्थविज्ञानाचा डॉक्टर. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जमिनीखाली पसरलेल्या 'ब्लॅक मेसा' नावाच्या संशोधनसंस्थेत तो नोकरीला आहे. एका सकाळी तेथील प्रयोग बिघडतो, दुसऱ्या कुठल्याशा जगाचे दार उघडते आणि तिकडचे जीव इकडे येऊ लागतात. पुढे काय, ते बंदूकबाजीच्या कुठल्याही खेळात असते तेच. पण या खेळाचा आरंभ बंदुकीने होत नाही. तो होतो नोकरीवर जाण्याने. फ्रीमन एका ट्राममध्ये उभा आहे. ट्राम बोगद्यांतून, यंत्रांवरून, चिखलकालव्यांवरून संथपणे चालली आहे. आणि ध्वनिक्षेपकावरून एक बाई सांगते आहे की, सकाळचे आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटे झाली आहेत. कित्येक मिनिटे खेळणाऱ्याला इकडेतिकडे पाहण्यापलीकडे काहीच करता येत नाही.

आमचे अण्णा एस. टी. त वाहतूक नियंत्रक होते. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून कर्ज काढून त्यांनी जुना संगणक घेऊन दिला होता, त्यामुळे त्यावर काय चालते हे पाहण्याचा अधिकार ते बजावीत. एका संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन ते माझ्या मागे उभे राहिले.

"हा कुठं निघालाय रे?"

"कामावर, अण्णा. उशीर झालाय त्याला."

त्यांनी ती वेळेची घोषणा लक्षपूर्वक ऐकली. मग म्हणाले, "गाडीचा काही दोष दिसत नाही. हाच घरातनं उशिरा निघाला असणार."

ट्राम थांबते, एक रखवालदार येऊन दार उघडतो, आणि तेथे अण्णांचा रस संपे. पुढची मारामारी पाहायला ते कधी थांबले नाहीत. पण तेवढा प्रवास त्यांनी अनेकदा पाहिला. खेळाचे नाव त्यांनी 'तो नोकरीवाला' असे ठेवले होते.

ते नाव किती यथार्थ होते हे मला नोकरीत शिरल्यावर कळले. पहिल्या 'हाफ-लाइफ'मध्ये जग बुडते, पण ते कचेरीत बुडते. तेथे पहारेकरी आहेत, बंद पडलेली उद्वाहने आहेत, शीतपेयांची यंत्रे आहेत. विश्रांतीच्या खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये कोणा वरिष्ठाचा डबा तापत ठेवलेला असतो. फ्रीमनने उगाच बटणे दाबली की तो फुटून जातो. फ्रीमनला तेथे फारसे कोणी विचारीत नाही. हाती येणारे पहिले शस्त्र म्हणजे एक कटावणी, लाकडी खोकी फोडायची. मग सैनिक येतात. आता सुटका झाली म्हणून एक शास्त्रज्ञ त्यांच्याकडे धावत जातो, आणि ते त्याला गोळी घालतात. कारण त्यांना माणसे वाचवायला नव्हे, प्रकरण मिटवायला पाठविलेले असते. हे सारे आपण फ्रीमनच्या डोळ्यांनीच पाहतो. मध्येच पडदा पाडून दुसरीकडची हकीकत दाखविली जात नाही. आणि फ्रीमन आरंभापासून शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही.

अधूनमधून मात्र दूरच्या एखाद्या खिडकीत, पुलावर, काचेपलीकडे एक माणूस दिसतो. सूट, टाय, हातात ब्रीफकेस. आपण पोहोचेपर्यंत तो नाहीसा झालेला असतो. खेळणारे त्याला 'जी-मॅन' म्हणतात. अमेरिकन बोलीत सरकारी माणसाला हा शब्द आहे. खेळाचा अखेरचा भाग परक्या जगातील तरंगत्या खडकांवर उड्या मारण्यात जातो आणि तो खरोखरच रटाळ आहे. पण शेवटी पुन्हा ती ट्राम येते. या खेपेस तिच्यात हा ब्रीफकेसवाला असतो. तो सांगतो की, आपल्या वरिष्ठांकडे त्याने फ्रीमनची शिफारस केली आहे आणि त्यांनी नोकरी देण्यास मान्यता दिली आहे. होकार असेल तर समोरच्या प्रकाशाच्या दारात पाऊल टाकायचे.

हा शेवट मात्र अण्णांनी एकदा पाहिला. त्यांनी विचारले, "आणि नाही म्हटलं तर?"

मी त्यांना ते करून दाखविले. नाही म्हटले की फ्रीमन निःशस्त्र अवस्थेत शत्रूच्या घोळक्यात उभा असतो, आणि खेळ संपतो.

"म्हणजे हो म्हणायलाच पाहिजे की," अण्णा म्हणाले, आणि कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

दुसरा भाग २००४ साली निघाला. तो मी पाहिला २००८ मध्ये, पुण्याला वसतिगृहातील एका मित्राच्या संगणकावर. आरंभी पुन्हा तोच ब्रीफकेसवाला फ्रीमनला झोपेतून उठवितो, आणि फ्रीमन एका आगगाडीत उभा असतो. मध्यंतरी सुमारे वीस वर्षे लोटली आहेत. पृथ्वी परक्यांनी जिंकली आहे. गाडी 'सिटी सेव्हन्टीन' नावाच्या पूर्व युरोपीय वळणाच्या शहरात येते. ते शहर रेखाटणारा कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह हा मूळचा बल्गेरियातील सोफियाचा, आणि ते ओळखीचे दुःख त्या भिंतींत उतरले आहे. स्थानकावर एक शिपाई मुद्दाम रिकामा डबा जमिनीवर पाडतो आणि तो उचलून कचऱ्यात टाकायला सांगतो. नव्या गावी रुजू होण्याचे इतके अचूक चित्र मी क्वचितच पाहिले आहे.

त्या वयात मी छातीठोकपणे सांगत असे की, दुसऱ्या भागापुढे पहिला म्हणजे बाळबोध. पहिल्यात शास्त्रज्ञांचे चेहरे मोजून चार प्रकारचे. दुसऱ्यात माणसांच्या भुवया हलतात, डोळे वळतात. पहिल्यातल्या वस्तू भिंतीला चिकटवल्यासारख्या. दुसऱ्यात एक अशी विलक्षण बंदूक आहे की, ती गोळ्या न झाडता वस्तू ओढून घेते आणि फेकते, आणि रॅव्हनहोम नावाच्या ओसाड गावात तिने करवतीची पाती फेकून जीव वाचवावा लागतो. यावरून मित्राशी मी पहाटेपर्यंत भांडलो आहे. तो म्हणे, "पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात कौतुक आहे." मला ते तेव्हा पटले नाही.

२०१३ साली माझ्या नेमणुकीचे पत्र आले. गाव कोलकाता. साताऱ्याचा मुलगा, वडिलांची निवृत्ती जवळ आलेली, थोरला कोणी नाही. मी दोन दिवस ते पत्र नुसते घडी घालून ठेवले. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "नाही म्हटलं तर काय होतं, ते तूच मला दाखवलंयस." एवढे बोलून ते हसले. मी हावड्याचे तिकीट काढले.

तेथे रिकाम्या संध्याकाळी दुसरा भाग पुन्हा खेळलो, आणि माझ्या मित्राचे म्हणणे अर्धे पटले. फ्रीमन जेथे जाईल तेथे लोक त्याचे नाव घेतात, हात मिळवितात, जणू तारणहार आला. आपणा बदलीवाल्यांना हे फार खोटे वाटते. आपण नव्या गावी उतरतो तेव्हा आपले नाव हजेरीपत्रकात सुद्धा तीनदा चुकीचे लिहिले जाते. पहिल्या भागातील उशिरा आलेला, कोणाच्या खिजगणतीत नसलेला फ्रीमनच खरा.

पण उरलेले अर्धे माझ्याच बाजूला होते. त्या वीस वर्षांत फ्रीमनचे वय वाढलेले नाही. इतरांचे वाढले आहे. क्लायनरच्या कपाळावर सुरकुत्या आहेत. एलाय व्हान्सचा एक पाय गेला आहे. पहारेकरी बार्नी जुन्या, देऊ केलेल्या बिअरची आठवण काढतो. एलायची मुलगी अ‍ॅलिक्स, जी अपघाताच्या वेळी लहान होती, ती तरुण होऊन समोर उभी राहते. अशा वेळी माणूस काही तरी बोलेल. पण पहिल्या भागात सोय म्हणून ठेवलेले ते मौन येथेही तसेच आहे, आणि ते आता सलते. अ‍ॅलिक्स त्यावरून त्याची थट्टाही करते. वर्षातून एकदा सुट्टीवर घरी गेल्यावर गेल्या खेपेस रांगणारे शेजारचे मूल दप्तर घेऊन शाळेला जाताना दिसले, की मलाही नेमके काय बोलावे ते सुचत नाही.

यापुढील दोन छोटे भाग २००६ आणि २००७ साली आले. त्यांतल्या दुसऱ्यात तो मायक्रोवेव्हमधला डबा ज्याचा होता, तो मॅग्नुसन भेटतो आणि अद्याप ते विसरलेला नसतो. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही याचे नवल वाटू नये. त्याच भागाच्या अखेरीस फ्रीमन आणि अ‍ॅलिक्स निघण्याच्या तयारीत असताना परक्यांचे दोन अधिपती छत फोडून येतात, दोघांना अदृश्य शक्तीने जखडून टाकतात, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एलायला ठार करतात. कळफलकावरची सगळी बटणे दाबली तरी काही होत नाही. अ‍ॅलिक्स बापाच्या अंगावर पडून रडते आणि पडदा काळा होतो. तिसरा छोटा भाग यायचा होता, तो आलाच नाही. कथालेखक मार्क लेडलॉ यांनी २०१६ मध्ये कंपनी सोडली आणि पुढील वर्षी पात्रांची नावे बदलून एक पत्र प्रसिद्ध केले. कथा कुठे गेली असती ते चाहत्यांनी त्यावरून ओळखले.

अण्णा २०१९ च्या नोव्हेंबरात गेले. मी शिलाँगला होतो. त्यांचे बरे नव्हते, म्हणून पंधरा दिवस आधी रजेचा अर्ज दिला होता. तपासणी पथक येणार होते, ते गेल्यावर जा, असे ठरले. यात कोणी दुष्टपणा केला असे मला म्हणता येत नाही. अर्जावर सही करणाऱ्यालाही वरून हुकूम होता. रात्री आईचा फोन आला. गुवाहाटीपर्यंत टॅक्सी, तेथून दोन विमाने, पुण्याहून एस. टी. पोहोचलो तेव्हा सारे आटोपले होते. स्थानकावर अण्णांच्या जागी बसलेला तरुण नियंत्रक मला ओळखत नव्हता. त्याने माझ्या गाडीची वेळ बिनचूक नोंदवून घेतली.

पुढे मार्च २०२० मध्ये 'हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स' आला. तो खेळायला डोक्यावर बांधायचे महागडे यंत्र लागते. माझ्या पगारात ते बसत नाही. मी तो दुसऱ्याने खेळलेला, ध्वनिचित्रमुद्रित स्वरूपात पाहिला. कथा दुसऱ्या भागाच्या पाच वर्षे आधीची, आणि नायिका अ‍ॅलिक्स. शेवटी तिला तो ब्रीफकेसवाला भेटतो. तो तिला भविष्यातील तो क्षण दाखवितो आणि त्यात हात घालू देतो. ती बापाला मारणाऱ्याला मारते. एलाय वाचतो. आणि त्याच दमात ब्रीफकेसवाला तिला कळवितो की, फ्रीमनकडून आता काम होत नसल्याने त्या जागेवर तिची नेमणूक झाली आहे. या खेपेस होकार-नकार विचारला जात नाही. पडदा उघडतो तेव्हा आपण पुन्हा फ्रीमन असतो. एलाय जिवंत आहे आणि मुलगी नाहीशी झाली आहे.

पाहिले त्या रात्री मला संताप आला. एकदा झालेले मरण लेखकाने परत घेऊ नये. तेरा वर्षे ज्या काळ्या पडद्यापुढे लोक बसून राहिले, तो असा उचलायचा असेल तर मुळात पाडला कशाला? आजही कलाकृती म्हणून मला ती तडजोडच वाटते. मात्र नंतरचे ते एक दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिले. एलाय इकडेतिकडे पाहतो, मुलीची जागा रिकामी आहे हे त्याला उमगते, आणि हे कोणाचे काम ते तो तत्काळ ओळखतो. बाप वाचला, मुलगी बदलीवर गेली. कोलकात्याचे पत्र आले त्या तिसऱ्या दिवशी अण्णा हसले होते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुसरे काही होते का, हे मी त्या वेळी पाहिले नव्हते. मी तिकिटाच्या गडबडीत होतो.

फुकटची प्रत मिळाली त्या नोव्हेंबरात विशाखापट्टणमच्या क्वार्टरात एका रविवारी मी पहिला भाग पुन्हा लावला. पुण्याच्या बदलीचा अर्ज त्याच टेबलावर, शेवटचा रकाना भरायचा राहिलेला, पडला होता. ट्राम निघाली. बाईने वेळ सांगितली. बोगदे, यंत्रे, चिखलाचे कालवे. खुर्ची मी जरा डावीकडे सरकवून बसलो होतो. मागे कोणी उभे राहायचे असले की मला ती सवय आहे. ट्राम थांबली, रखवालदार आला, त्याने दार उघडले. तेथे मी खेळ बंद केला.