घरातली जागा कोणाची?

घर स्वच्छ ठेवा, हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवायला नको. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत त्यांचे हात चालूच असतात. आपली घरे अस्वच्छ नसतात, ती भरलेली असतात. बीडीडी चाळीतली आमची खोली 160 चौरस फुटांची. पलंग, कपाट, फ्रिज, पाण्याची पिंपे, पत्र्याच्या पेट्या आणि बोचकी यांचा हिशेब मांडला, तेव्हा निम्मी खोली सामानाने घेतली आहे आणि उरलेल्या निम्मीत आम्ही सहा माणसे राहतो, असे दिसले.

आपल्याकडे वस्तू टाकवत नाही, त्याला कारण आहे. ज्यांच्या आज्या दोन लुगड्यांवर वर्ष काढत, ज्यांचे आजोबा एक ट्रंक घेऊन मुंबईला गिरणीत कामाला आले, त्यांच्या घरात झाकण नसलेला डबासुद्धा "राहू दे, लागेल" म्हणून राहतो. याला हाव म्हणता येणार नाही. ही टंचाईची धास्ती आहे. म्हणून "नको ते फेकून द्या" हा श्रीमंतांच्या घरचा सल्ला आपल्या उपयोगाचा नाही. फेकलेली वस्तू पुन्हा घ्यायची, तर पगार पुरला पाहिजे ना!

"ही वस्तू लागेल का?" असे विचारले, की प्रत्येक वस्तू लागेलशीच वाटते. म्हणून आम्ही दुसरा प्रश्न विचारू लागलो : ही वस्तू कोणाच्या जागेवर बसली आहे? खिडकीखालची पेटी मुलीच्या अभ्यासाच्या जागेवर होती. पलंगाखालची बोचकी म्हाताऱ्या आईच्या अंथरुणाच्या जागेवर होती. कर्त्या पुरुषाची बसायची जागा मात्र मोकळी! घरात ज्याचा आवाज लहान, त्याचीच जागा आधी जाते.

विद्यार्थिदशेत बाबासाहेब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत चूल, धूर, भांडीकुंडी. जागा एवढी अपुरी, की भीमराव लवकर झोपत, सुभेदार रामजी मध्यरात्रीनंतर दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत, हे चरित्रांतून आपण वाचले आहे. त्या बापाने आपली झोप मोडून मुलाला जागा दिली. आपल्याला तर फक्त एक पेटी हलवायची आहे.

आम्ही आधी भांड्यांना हात घातला. माळ्यावर लग्नातल्या आहेराची स्टीलची भांडी होती. प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव कोरलेले, म्हणून मोडीत घालायला मन होईना. मोठी पातेली आणि परात वस्तीतल्या विहाराला दिली. जयंतीच्या जेवणाला ती दरवर्षी सगळ्यांच्या कामी येतात आणि नावेही राहतात. आता कोणाच्या लग्नाला जायचे, तर आम्ही आहेरात पुस्तक किंवा पाकीट देतो. आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला चढवायची?

मग कपडे. धड होते ते गावी दिले. सुती साड्यांच्या दोन गोधड्या शिवून घेतल्या. बाकीचे बोहारणीला दिले, पण बदल्यात मोठे भांडे न घेता एक चहाची गाळणी घेतली.

पाण्याची पिंपे तीन होती, ती दोन केली. पाणी रोज येते, मग चार दिवसांचा साठा कशाला? डेंग्यूचा डास असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासायचे आणि कोरडे करायचे. अंडी पाण्यालगत आतल्या कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही.

कागदांच्या बाबतीत मात्र घाई नको. वीजबिलांच्या आणि जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याखाली आम्हाला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. रद्दीवाल्याला तो किलोभर कागदातला एक कपटा. आपल्याला मात्र तो नातवंडांच्या शिक्षणाचा आधार. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. फॉर्मची मुदत उद्या संपणार आणि आज रात्री सगळे घर उपसायचे, त्यात नवराबायकोची भांडणे, मुलांचे रडणे. घरातला निम्मा ताण हा असल्या शोधाशोधीचा असतो. आम्ही एक जाड पिशवी केली. तिच्यात जन्मदाखले, शाळेचे दाखले, जातीचे कागद, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक. पिशवी कुठे असते, हे धाकट्यालाही माहीत आहे.

या कामात एक गोष्ट आम्ही ठरवून केली. आवराआवर एकट्या बाईवर टाकली नाही. पिंप पुरुषाने घासायचे, अंथरुणे मुलांनी उचलायची. नाहीतर घर मोकळे होते आणि घरातली बाई तशीच दबलेली राहते.

वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या इमारतींतल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्याचा आनंद आहेच. आमचीही पाळी येईल. पण घर मोठे झाले, की हप्त्यावर सोफा येतो, मोठा टीव्ही येतो, आणि पगाराच्या दिवशीच पगार संपतो. तेव्हा नव्या घरात जाण्याआधीच मुलांच्या अभ्यासाची आणि म्हाताऱ्यांच्या निजण्याची जागा ठरवून ठेवावी. सामानाचा विचार त्यानंतर.

आमच्या खिडकीखाली आता मुलगी चटई टाकून बसते. आवाज अजून चाळीचाच आहे, रात्री नऊपर्यंत शेजारचा टीव्ही ऐकू येतो. पण तिची वह्या-पुस्तके रोज उचलावी लागत नाहीत. येत्या रविवारी सगळे घर काढू नका, एकच कोपरा काढा, आणि तो कोणाला द्यायचा, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा.