श्रवणयंत्र लावल्यावर पियानो बेसूर का वाटतो?

माझे एक पेशंट, वय ७२, पियानोचे दर्दी. श्रवणयंत्र लावल्यापासून नातीचं बोलणं छान ऐकू येतं, पण पियानो ऐकणं त्यांनी सोडून दिलं. "डॉक्टर, सूर थरथरतात. आता मी ऐकू तरी काय?"

अनेकदा यात दोष यंत्राच्या सेटिंगचा असतो. श्रवणयंत्र मुळात बोलणं कळावं म्हणून जुळवलेलं असतं. पियानोचा लांबलेला सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो दाबायला जातं. ऑडिओलॉजिस्टला संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून मागा. त्यात शिट्टी दाबण्याची सोय कमी करता येते. सूर मंद आहेत म्हणून आवाज मात्र वाढवत नेऊ नका, पुढचा जोरकस भाग कानावर आदळतो.

आता ऐकायचं काय? एरिक सातीची पहिली 'जिम्नोपेदी' (१८८८) घ्या. संथ लय, मोजके स्वर, मध्ये भरपूर मोकळी जागा. मग शूमानचं 'ट्रॉयमेराय' (१८३८), जेमतेम तीन मिनिटांचं. आठवडाभर हेच दोन ऐका. ओळखीच्या सुरावटीत निसटलेलं मेंदू भरून काढतो, नव्या रचनेत ते जमत नाही. लिस्टचे धबधबे एवढ्यात नकोत.

बेथोव्हनचा शेवटचा पियानो सोनाटा (१८२२) मात्र ऐकाच, हवं तर माझा पक्षपात समजा. तो लिहिताना बेथोव्हनला जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं.